कंपवात : नुसता थरकांप नव्हे

घरांतील वडील माणसाचा हात थरथरूं लागला, म्हणजे ‘वय झालें’ असें म्हणून आपण स्वस्थ बसतों; हात न थरथरतां तीं मंदावलीं, तर ‘स्वभाव बदलला’ असें म्हणतों. या दोन्ही समजुतींमुळें उपचारांचा काळ वायां जातो.

आयुर्वेदास परिचित असलेल्या कंपवाताशीं जुळणाऱ्या या रोगाचें सविस्तर वर्णन लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनीं १८१७ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांचा जन्मदिन, ११ एप्रिल, हा जागतिक पार्किन्सन दिन होय. मेंदूंतील ठराविक पेशी क्षीण होऊन डोपामिन हें द्रव्य कमी पडतें व हालचालींतील सहजता हरपते. कित्येकांस कंप मुळींच नसतो. अक्षर लिहितां लिहितां बारीक होत जातें, चालतांना एक हात हालत नाहीं, आवाज उतरतो, मुद्रा निर्विकार भासते. फोडणीचा वास न येणें हें तर कधीं कधीं कित्येक वर्षें आधीं घडतें. सदा हंसतमुख असलेले आजोबा हंसेनासे झाले, तर ते रुसले असें न समजतां त्यांस मज्जासंस्थेच्या तज्ज्ञाकडे न्यावें.

हा रोग समूळ जात नाहीं, परंतु औषधानें पुष्कळ आवरतो. त्यांतील मुख्य औषध लेव्होडोपा. खाजकुइलीच्या बियांत तें असल्याचें मद्रासच्या संशोधकांनीं १९३७ सालींच दाखविलें होतें. तथापि घरीं चूर्ण कुटून देऊं नये. त्यांतील औषधाचें प्रमाण निश्चित नसतें. डॉक्टरांनीं दिलेल्या गोळीची वेळ चुकवूं नये, ती आपल्या मतानें एकाएकीं बंद करूं नये, आणि दूध-डाळीचें जेवण व गोळी यांत किती अंतर असावें तें त्यांसच विचारावें.

शनिवार पेठेंतील जुन्या वाड्यांत उंबरठे उंच व जिने अरुंद. अशा रोग्याचा पाय नेमका दारांतच जमिनीस खिळतो. त्या वेळीं हात धरून ओढूं नये. क्षणभर थांबावें, ‘एक, दोन’ असा ठेका द्यावा, किंवा जमिनीवर खडूनें आडवी रेघ काढून ती ओलांडावयास सांगावें. पाऊल बहुधा सुटतें.

पुण्यांतील पार्किन्सन्स मित्रमंडळांत रोग्यास ‘शुभार्थी’ व त्याची काळजी वाहणारास ‘शुभंकर’ म्हणतात. एकत्र कुटुंबांत शुभंकरांची वाण नसावी. परंतु बहुधा सारा भार एका सुनेवर किंवा वृद्ध पत्नीवर पडतो. तो वांटून घ्यावा. आणि सदऱ्याची गुंडी लावावयास आजोबांस पांच मिनिटें लागलीं, तर तीं लागूं द्यावीं. जें त्यांस करतां येतें, तें त्यांच्याकडून काढून घेऊं नये.