भयपटांतील रक्तपात आणि प्रेक्षकाचे मन

मनुष्य भयापासून दूर पळतो हे जितके खरे, तितकेच तो तिकीट काढून भयाच्या शोधात जातो हेही खरे आहे. चित्रपटगृहाच्या अंधारात बसून किंकाळ्या ऐकायच्या, सुऱ्याचे वार आणि रक्ताचे ओघळ पाहायचे, आणि खेळ संपला की हसतखिदळत घरची वाट धरायची, हा व्यवहार वरवर पाहता विलक्षणच वाटतो. म्हणूनच भयपट हा प्रकार जन्मास आल्यापासून एक प्रश्न त्याची पाठ सोडीत नाही. असा रक्तपात पाहणाऱ्याचे त्यात काही नुकसान होते काय? एक पक्ष म्हणतो, हे विष आहे. आजचा प्रेक्षक उद्याचा अपराधी होतो. दुसरा पक्ष म्हणतो, हा निव्वळ खेळ आहे. पडद्यावरचे रक्त म्हणजे रंगाचे पाणी, त्याने कोणाचे काय बिघडते? दोन्ही उत्तरे सोपी आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत.

पडद्यावरचा रक्तपात एकाएकी वाढलेला नाही. १९३१ साली अमेरिकेत निघालेल्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ या बोलपटात राक्षस एका लहान मुलीला तळ्यात टाकतो, एवढा प्रसंगही त्या काळी कापला गेला. १९६० साली आल्फ्रेड हिचकॉक यांचा ‘सायको’ आला. त्यातील स्नानगृहातला खून सर्वांच्या स्मरणात राहिला. परंतु ते चित्र कृष्णधवल होते, रक्ताच्या जागी चॉकलेटचा पाक वापरला होता, आणि सुरा अंगात शिरताना जवळजवळ दिसतच नाही. प्रेक्षकांनी जे पाहिले असे त्यांना वाटले, त्यातील पुष्कळसे त्यांच्या कल्पनेनेच रचले होते. पुढील दिग्दर्शकांनी कल्पनेवरचा हा भार उतरविला. रंग आले, कॅमेरा जखमेच्या जवळ गेला. भारतात रामसे बंधूंनी १९७२ साली ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ काढला आणि १९८४ च्या ‘पुराना मंदिर’ने अशा चित्रपटांना किती मोठा प्रेक्षकवर्ग आहे हे दाखवून दिले.

या वादात ‘नुकसान’ हा एकच शब्द तीन निरनिराळ्या अर्थांनी वापरला जातो आणि त्यामुळे सारा घोटाळा होतो. पहिला अर्थ कृतीचा : पाहणारा तसेच करू लागेल काय? दुसरा मनःस्वास्थ्याचा : पाहणाऱ्याच्या मनात भीती घर करून बसेल काय? तिसरा सहानुभूतीचा : परक्याच्या वेदनेविषयी पाहणारा बधिर होईल काय? या तिन्ही प्रश्नांना पुरावा वेगळा आहे आणि उत्तरही वेगळे आहे.

कृतीविषयीची धास्ती सर्वांत जुनी आणि सर्वांत गाजलेली. १९८० नंतरच्या काही वर्षांत ब्रिटनमध्ये घरोघरी व्हिडिओ कॅसेट पोहोचल्या, तेव्हा तेथील वृत्तपत्रांनी रक्तरंजित भयपटांविरुद्ध मोठे काहूर उठविले. शासकीय अभियोगाच्या यादीत एकूण ७२ चित्रपटांची नावे आली आणि १९८४ साली व्हिडिओ चित्रफितींवर नियंत्रण ठेवणारा कायदा झाला. आज त्या यादीतील कित्येक चित्रपट प्रौढांसाठीच्या प्रमाणपत्रासह तेथे उघड विकले जातात.

या धास्तीला शास्त्राचा आधार म्हणून बहुधा आल्बर्ट बांडुरा यांच्या प्रयोगाचा दाखला दिला जातो. १९६१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात ७२ लहान मुलांवर हा प्रयोग झाला. एका मोठ्या माणसाला फुगविलेल्या बाहुल्याला बदडताना ज्या मुलांनी पाहिले, त्यांनी संधी मिळताच त्याचे अनुकरण केले. दोन वर्षांनी तेच दृश्य पडद्यावर दाखविले, तेव्हाही अनुकरण दिसून आले. मुले पाहून शिकतात हे यातून सिद्ध झाले. तथापि तो बाहुला मुळी बदडण्यासाठीच केलेला होता. त्याला मारणे आणि जिवंत माणसाला मारणे, प्रयोगशाळेतील काही मिनिटे आणि आयुष्यातील वर्षे, यांत फार मोठे अंतर आहे.

गॉर्डन डाल आणि स्तेफानो देलाविन्या या अर्थशास्त्रज्ञांनी २००९ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या संदर्भात उद्बोधक आहे. अमेरिकेत ज्या दिवशी हिंसक चित्रपटांना मोठी गर्दी होते, त्या दिवशी मारहाणीचे गुन्हे वाढतात काय, हे त्यांनी १९९५ ते २००४ या काळातील आकडेवारीवरून तपासले. गुन्हे वाढलेले नव्हते. उलट थोडे घटलेले होते. कारण अगदी साधे. भांडखोर वृत्तीचा तरुण संध्याकाळी चित्रपटगृहात बसला, की तेवढा वेळ तो दारूच्या गुत्त्यापासून दूर राहतो. हा निष्कर्ष त्या त्या दिवसापुरताच आहे, दीर्घकाळच्या परिणामांविषयी त्यातून काही ठरत नाही, हे त्या अभ्यासकांनीच स्पष्ट केले आहे. तरीही भयपट पाहून बाहेर पडणारा प्रेक्षक सुरा हाती घेतो, या समजुतीला फारसा आधार उरत नाही.

मनःस्वास्थ्याच्या प्रश्नाकडे वळले की चित्र पालटते. १९६८ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात उठून बसलेली प्रेते माणसांचे मांस खातात. एक लहान मुलगी स्वतःच्या आईला ठार करते, आणि शेवटी नायकही वाचत नाही. वयानुसार चित्रपटांचे वर्गीकरण करण्याची अमेरिकेतील पद्धत १ नोव्हेंबर १९६८ पासून सुरू झाली. हा चित्रपट त्यापूर्वीच पडद्यावर आला होता. शनिवारी दुपारच्या खेळाला मुलांना बिनदिक्कत पाठविण्याची त्या देशात चाल होती. समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी अशाच एका खेळाचे वर्णन १९६९ च्या आरंभी प्रसिद्ध केले. प्रथम मुलांचा नेहमीचा गलका चालू होता. पुढे पुढे तो थांबला आणि सारे प्रेक्षागृह चिडीचूप झाले. नऊएक वर्षांची एक मुलगी जागच्या जागी निश्चल बसून रडत होती. हाच चित्रपट १९९९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जतन करण्यासाठी निवडला गेला. चित्रपट एकच होता. प्रौढांच्या दृष्टीने तो कलाकृती ठरला आणि त्या दुपारच्या मुलांच्या दृष्टीने आघात.

क्रिस्टन हॅरिसन आणि जोआन कँटर यांनी १९९९ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना त्यांच्या पूर्वीच्या आठवणी विचारल्या. चित्रपट किंवा दूरचित्रवाणी पाहून जबर भ्याल्याची एखादी तरी आठवण दर दहांपैकी नऊ जणांना होती, आणि सुमारे एकचतुर्थांश जणांच्या मनात त्या भीतीचा अवशेष अजूनही शिल्लक होता. कोणाची झोप उडालेली, कोणी विशिष्ट जागा किंवा वस्तू टाळणारे. लहान मुलांची भीती प्रौढांच्या तर्काने चालत नाही, हेही कँटर यांच्या संशोधनातून दिसून आले. ‘द इन्क्रेडिबल हल्क’ या मालिकेतील हिरवा महाकाय पुरुष सज्जनांचा कैवारी असतो. परंतु शाळेत न जाणारी बालके त्याच्या रूपांतराच्या क्षणीच सर्वाधिक घाबरत. सात-आठ वर्षांखालचे मूल रूप पाहून भिते. त्यापुढचे मूल ‘हे आपल्यावर ओढवेल काय’ या विचाराने भिते. म्हणून ‘हे खोटे आहे’ हे वाक्य मोठ्या मुलाला धीर देते, पण लहानग्याच्या उपयोगी पडत नाही. त्याला कुशीत घ्यावे लागते.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. भीतीचे माप रक्ताच्या थेंबांवरून ठरत नाही. ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी बी.बी.सी.ने ‘घोस्टवॉच’ हे भुताटकीचे नाट्य दूरचित्रवाणीवर दाखविले. त्यात रक्तपात जवळजवळ नव्हता. पण ओळखीचे निवेदक एका घरातून थेट वृत्तांत देत आहेत, असा त्याचा थाट होता. पुढे १९९४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये डॉक्टरांनी दहा वर्षांच्या दोन मुलांची हकीकत दिली, तो कार्यक्रम पाहिल्यानंतर त्यांना मानसिक आघाताची लक्षणे जडली होती. ‘हे नाटक आहे’ ही जाणीवच तेथे हिरावून घेतली गेली होती.

या जाणिवेचे महत्त्व भारतीय साहित्यशास्त्राने फार पूर्वी ओळखले होते. भरताच्या नाट्यशास्त्रातील आठ रसांत भयानक आणि बीभत्स यांनाही स्थान आहे. एकाचा स्थायी भाव भय, दुसऱ्याचा जुगुप्सा. भीती आणि किळस यांचाही आस्वाद घेता येतो, हे तेव्हाच मान्य झाले होते. पण त्याच शास्त्राने युद्ध, मरण यांसारख्या गोष्टी अंकात प्रत्यक्ष न दाखविता पात्रांच्या संभाषणातून कळवाव्यात, असे सांगितले. भासाच्या ‘ऊरुभंगा’त दुर्योधन रंगभूमीवरच प्राण सोडतो, म्हणजे हा नियम मोडणारेही होते. अभिनवगुप्ताने रसास्वादातील विघ्नांची चर्चा केली आहे. प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखाने व्याकूळ झाला, की रसाला बाधा येते, हे त्यांपैकी एक विघ्न. मराठी समीक्षेत करुण रसातून आनंद कसा मिळतो, यावर पुष्कळ ऊहापोह झाला. भयानकाचा प्रश्न त्याचाच सख्खा भाऊ आहे. प्रौढ प्रेक्षक किंचाळतो, पण ‘मी सुरक्षित आहे’ हा धागा तो हातचा सोडीत नाही. डॉल्फ झिलमन या मानसशास्त्रज्ञाने याची शारीरिक बाजू मांडली. भीतीने वाढलेली छातीची धडधड लगेच ओसरत नाही. संकट टळले की तीच सुटकेच्या आनंदाला धार आणते. लहान मुलाच्या हाती तो धागा अजून आलेलाच नसतो.

तिसरा प्रश्न सहानुभूतीचा. डॅनियल लिंझ, एडवर्ड डॉनरस्टीन आणि स्टीव्हन पेनरॉड यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पुरुषांना पाच दिवस रोज एक चित्रपट दाखविला. हे सारे चित्रपट स्त्रियांवरील हिंसेचे होते. पहिल्या दिवशी अस्वस्थ झालेले प्रेक्षक पाचव्या दिवशी बरेच निर्ढावले होते. त्यानंतर त्यांना एका बलात्काराच्या खटल्याची चित्रफीत दाखविली, तेव्हा त्या स्त्रीला झालेली इजा त्यांना इतरांपेक्षा कमी वाटली. लिंझ यांनीच चार्ल्स मलिन यांच्यासह केलेल्या १९९५ च्या अभ्यासात याची दुसरी बाजू दिसली. अखेरच्या चित्रपटानंतर पाच दिवसांनी पीडित स्त्रियांविषयीची सहानुभूती पूर्ववत झाली होती. बधिरता येते, आणि खंड पडला तर ओसरतेही. म्हणून एखाद्या चित्रपटापेक्षा खंड न पडणाऱ्या सवयीची चिंता अधिक वाटली पाहिजे. तसेच कॅमेरा कोणाच्या बाजूने उभा आहे, हेही पाहिले पाहिजे. बळी पडणाऱ्याच्या नजरेने दाखविलेला एकच वार करुणा जागवू शकतो; मारणाऱ्याच्या नजरेने दाखविलेले दहा वार करमणूक होऊन बसतात.

भारतीय कायद्याने हा विवेक टप्प्याटप्प्याने स्वीकारला. १९४९ च्या दुरुस्तीने सर्वांसाठी आणि केवळ प्रौढांसाठी अशी दोन प्रमाणपत्रे आली. १९५२ साली आजचा चित्रपट अधिनियम झाला. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्यात १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटांचे पूर्वपरीक्षण वैध ठरविले. परंतु विषय कोणता यापेक्षा तो कसा हाताळला आहे, याकडे कात्रीने लक्ष द्यावे, असेही बजावले. १९८३ साली पालकांच्या मार्गदर्शनाची मधली श्रेणी आली, आणि २०२३ च्या दुरुस्तीने तिचे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन भाग पडले. कायद्याचा रोख हळूहळू ‘काय दाखवावे’ याकडून ‘कोणाला दाखवावे’ याकडे सरकला, आणि पुरावाही त्याच दिशेने बोट दाखवितो.

मात्र मधल्या श्रेणीतील वयाचा आकडा पालकांना सल्ला देतो, तो दारावर कोणाला अडवीत नाही. शिवाय चित्रपटगृहाला निदान दार असते आणि दारावर माणूस असतो. मोबाइलला तसे काही नाही. इंटरनेटवरून चित्रपट दाखविणाऱ्या संस्थांना २०२१ च्या नियमांनी वयाची श्रेणी आणि पालकांसाठी कुलपाची सोय बंधनकारक केली आहे. पण कुलूप लावायला घरात कोणीतरी हवे. त्यातून चित्रपटाचे तुटक तुकडे मोबाइलवर फिरत असतात. त्यांत कथेचा आरंभ नसतो आणि संकट टळल्याचा शेवटही नसतो. उरतो तो केवळ वार. सुटकेचा क्षण कापून टाकलेले हे भय लहानग्याच्या मनात अर्धवट राहते आणि रात्री अंथरुणात पुरे होते.

तेव्हा रक्तरंजित भयपट घातक आहेत काय, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही, आणि देऊही नये. स्वतःच्या इच्छेने, कधीमधी असा चित्रपट पाहणाऱ्या जाणत्या माणसाला त्यापासून मोठा अपाय होतो, असा भक्कम पुरावा नाही. त्याला अपराधी समजणे अन्यायाचे होईल. रोजच स्त्रीच्या यातनांची करमणूक करून घेणाऱ्याने मात्र स्वतःच्या मनाची चौकशी अधूनमधून करावी. आणि लहान मुलांच्या बाबतीत संशयाला फारशी जागा नाही. मोठ्यांच्या खेळाला कडेवर मूल घेऊन जाणारे आईबाप त्याला काही कळत नाही असे समजतात. कथा त्याला कळत नाही हे खरे. पण चेहरा कळतो, किंकाळी कळते, आणि ती विसरण्याची युक्ती त्याला अजून साधलेली नसते.