पडेल त्याला पडू देणारं यंत्र

अर्लांगचं शेल उघडा आणि ‘सेल्फ’ ही आज्ञा द्या. तुमच्याशी बोलणाऱ्या प्रोसेसचा क्रमांक पडद्यावर येतो. आता मुद्दाम एकाला शून्याने भागा. चूक झाल्याचा संदेश येतो, पण शेल जागचं हलत नाही. पुन्हा ‘सेल्फ’ विचारा. क्रमांक बदललेला दिसेल. मघाची प्रोसेस त्या भागाकारात मेली आणि तिच्या जागी दुसरी येऊन बसली.

हे सगळं चालवणाऱ्या आभासी यंत्राचं नाव बीम. १९८६च्या सुमारास स्टॉकहोममध्ये, एरिक्सनच्या प्रयोगशाळेत जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट व्हर्डिंग आणि माइक विल्यम्स यांनी अर्लांग भाषा घडवायला घेतली. बीम तिच्यासाठी पुढे आलं. टेलिफोन एक्स्चेंजची गरज साधी होती. हजारो कॉल चालू असताना एक बिघडला, तर बाकीच्यांचं बोलणं तुटता कामा नये. कार्ल हेविट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३मध्ये मांडलेलं ‘ॲक्टर’ मॉडेल हेच सांगत होतं: स्वतंत्र घटक, आपापली स्थिती आणि मधे फक्त निरोपांची देवाणघेवाण. १९९८मध्ये एरिक्सनच्याच एका कंपनीने नव्या उत्पादनांत अर्लांग वापरायला बंदी केली आणि त्याच वर्षी डिसेंबरात ती मुक्तस्रोत झाली. घरात नकोशी झाली ती गावाला मिळाली. सकाळी घरच्या ग्रुपवर फुलांसकट शुभेच्छा पोचवणाऱ्या व्हॉट्सॲपचे सर्व्हर याच यंत्रावर उभे राहिले. २०१२मध्ये व्हॉट्सॲपने एका सर्व्हरवर २० लाख जोडण्या पेलून दाखवल्या.

बीम म्हणजे बिऱ्हाडांचा वाडा. प्रत्येक प्रोसेसची चूल वेगळी: तिचा स्वतःचा मेमरीचा हीप, सुरुवातीला अवघ्या २३३ शब्दांचा, म्हणजे ६४-बिट यंत्रावर दोन किलोबाइटच्याही आत. कचरा ज्याचा त्याने काढायचा. निरोप जातो तो प्रत काढून. प्रत्येकीला सुमारे ४,००० ‘रिडक्शन’ (ढोबळमानाने फंक्शन-कॉल) एवढाच वेळ. तो संपला की शेड्यूलर तिला बाजूला करून पुढचीला बोलावतो. कोणी मेली तर सुपरवायझर तिला ठरल्या नियमाने पुन्हा उभी करतो.

ॲक्टर पद्धतीने काम करायचा दुसरा पर्याय अक्का. नाव ऐकून आपल्याला थोरली बहीण आठवते, पण ते स्वीडनमधल्या एका डोंगराचं आहे. जोनास बोनेर यांनी २००९मध्ये सुरू केलेली ही लायब्ररी जावाच्या यंत्रावर, जेव्हीएमवर चालते. तिच्यातले ॲक्टर वेगळे, पण चूल सगळ्यांची एकच. निरोपातून बदलता येणारी वस्तू पाठवली, तर दोघांच्या हातात तीच वस्तू राहते आणि कंपायलर हटकत नाही. जेव्हीएम कचरा काढायला थांबली, की एकाच्या फोडणीचा ठसका सगळ्यांना. बदल्यात जावाच्या जगातली हजारो लायब्रऱ्यांची शिदोरी आयती मिळते. २०२२मध्ये अक्काचा परवाना व्यापारी वळणाचा झाला, तेव्हा जुन्या मुक्त आवृत्तीवरून ‘अपाची पेक्को’ ही शाखा फुटली. नवं काम सुरू करणाऱ्याने ही भाऊबंदकी आधी समजून घ्यावी.

खरी परीक्षा होते ती सी किंवा रस्टमधला कोड जोडताना. बीम आकडेमोडीत संथ आहे, म्हणून जड काम बाहेर द्यावं लागतं. त्यासाठीची वाट म्हणजे निफ: सीमधलं फंक्शन थेट यंत्राच्या पोटात. मघाच्याच शेलमध्ये रिकाम्या पॉइंटरला हात लावणारं निफ चालवा. ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ एवढीच ओळ येते आणि शेलसकट सगळा वाडा खाली बसतो. सुपरवायझरही ढिगाऱ्याखाली. न कोसळणारं निफही रेंगाळलं तर शेड्यूलर अडतो. म्हणून एका मिलिसेकंदात परतायचा दंडक आहे. लांबणाऱ्या कामांसाठी २०१७च्या, अर्लांगच्या ओटीपी २० या आवृत्तीपासून, ‘डर्टी शेड्यूलर’ मुळातच चालू असतात.

रस्टमध्ये लिहिणाऱ्यांसाठी रस्टलर ही लायब्ररी आहे. रस्टचा ‘पॅनिक’ ती वाटेतच पकडून अर्लांगच्या चुकीत बदलते, त्यामुळे एक प्रोसेस जाते, वाडा राहतो. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपने २०१९मध्ये सदस्यांच्या मोठ्या याद्या क्रमवार ठेवायला हीच वाट धरली. ‘अनसेफ’ लिहिलेल्या ओळींची हमी मात्र रस्टलर देत नाही आणि वेळेचा दंडक तिलाही चुकत नाही. तिसरा मार्ग पोर्ट: परका प्रोग्रॅम वेगळ्या घरात ठेवून त्याच्याशी पाइपमधून बोलायचं. तो मेला तर फक्त निरोप येतो. वेग जातो, झोप लागते.

वेगाचे तक्ते मांडण्याआधी मी एकच गोष्ट विचारतो: हा पडला तर कोणाला घेऊन पडेल? जुनी, परक्याची सी लायब्ररी असेल तर पोर्ट. आपलं, छोटं, चटकन संपणारं गणित असेल तर रस्टलर. नुसतं सीमधलं निफ मी सहसा लिहीत नाही. ते वर्ज्य मात्र नाही: अर्लांगसोबत येणारं क्रिप्टो मॉड्यूल निफमधूनच ओपनएसएसएलला हाक मारतं. वाड्याला हे दार मूळच्या मालकांनीच पाडलं आहे. पण त्यातून कोणाला आत घ्यायचं, हे ते पारखून ठरवतात.