आवळ्याचा रस : घरच्या घरी, साऱ्या घरासाठी

दोन वर्षांपूर्वी आमच्या बोरीत (ता. जिंतूर, जि. परभणी) आम्ही काही कार्यकर्त्यांनी विहारात रक्ततपासणीचे शिबिर ठेवले होते. नावे लिहून घेणे आणि चिठ्ठ्या वाटणे हे काम माझ्याकडे आले. कारकुनाला दुसरे कोणते काम देणार? संध्याकाळी माझ्याच घरच्या दोन चिठ्ठ्या हातात पडल्या. माझे हिमोग्लोबिन १४.२ आणि पत्नीचे ८.५. घर एक, चूल एक, पगार एक. मग हा फरक आला कुठून?

बी.कॉम. झालेल्या माणसाला दोन्ही बाजूंची बेरीज जुळली नाही की चैन पडत नाही. मी शिबिरातल्या सिस्टरना विचारले. त्यांनी मलाच उलट विचारले, "भाऊ, वहिनी जेवतात कधी? आणि जेवल्यावर लगेच चहा घेतात का?"

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला माहीत होते. पहिल्याचे नव्हते. लग्नाला बावीस वर्षे झाली, सभांतून स्त्री-पुरुष समतेवर बोलून घसा बसला. पण माझी बायको सर्वांच्या मागून, उरलेल्या कालवणावर जेवते आणि थकवा घालवायला वर कपभर चहा पिते, हे मी कधी बघितलेच नव्हते.

हे काही आमच्या एकट्याच्या घरचे नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० स्त्रियांमागे ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. त्याआधीच्या, २०१५-१६च्या पाहणीत हा आकडा ४८ होता. म्हणजे तो कमी न होता वाढला.

सिस्टरनी लोहाच्या गोळ्या तर दिल्याच, पण दोन गोष्टी बजावून सांगितल्या. गोळी आणि जेवण यांच्याबरोबर लिंबू, आवळा असे काहीतरी आंबट घ्यायचे आणि चहा जेवणानंतर निदान तासभर घ्यायचा नाही. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी यांत लोह असते, पण ते अंगात सहजासहजी शोषले जात नाही. 'क' जीवनसत्त्व त्याला वाट करून देते आणि चहा तीच वाट अडवतो.

लेहची बाटली आणि आपला आवळा

त्याच हिवाळ्यात सैन्यात असलेला माझा भाचा लडाखहून सुट्टीवर आला. येताना त्याने केशरी रंगाच्या रसाची एक बाटली आणली होती. "मामा, ही घेऊन बघा. तिकडं लई नाव आहे हिचं." सी बकथॉर्न नावाच्या काटेरी झुडपाच्या इवल्याशा फळांचा तो रस होता. आमच्या बोरीच्या बोरांसारखेच त्या झुडपाचे काटे हात ओरबाडतात, म्हणून फळे तोडणे मोठे कष्टाचे. त्या फळात 'क' जीवनसत्त्व भरपूर असते आणि या शतकाच्या सुरुवातीला लेहच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने त्याचा रस करण्याचे तंत्र बसवले. रस चांगलाच आंबट होता. पण बाटलीवरची किंमत वाचून पत्नी म्हणाली, "एवढ्या पैशात तर पोतंभर आवळे येतील."

तिचे बरोबर होते. सी बकथॉर्न थंड वाळवंटाचे झाड. ते मराठवाड्यात यायचे नाही आणि यायची गरजही नाही. आपल्याकडे १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली, तेव्हा कोरडवाहू जमिनीवर बोर, सीताफळ यांच्याबरोबर आवळाही लागला. भाव पडला की हाच आवळा झाडाखाली सडतो. जुन्या पुस्तकांत १०० ग्रॅम आवळ्यात ६०० मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व असल्याचे छापलेले असे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली काढलेल्या तक्त्यांत तो आकडा अडीचशेच्या आसपास आहे. तोच धरला तरी एका मोठ्या आवळ्यात ८०-८५ मिलिग्रॅम होते आणि बाईमाणसाची दिवसाची गरज ६५ची आहे. म्हणजे रोज एक आवळा पुरे.

पण रोज आवळा खायचा कोणी? तो तुरट लागतो, दात आंबतात, पोरे तोंड फिरवतात. म्हणून रस. आता कृती सांगतो. आधी आमच्या दोन चुका सांगतो, म्हणजे तुमचे आवळे वाया जाणार नाहीत.

दोन चुका

पहिल्या खेपेला मी लोखंडी किसणीवर आवळे किसले आणि कीस लोखंडी कढईत ठेवला. तासाभरात तो शाईसारखा काळा झाला. झालीही होती शाईच! आवळ्यातला तुरटपणा आणि लोखंड एकत्र आले की काळा रंग तयार होतो. केसांना लावायचा आवळा लोखंडी कढईत भिजवतात तो याचसाठी. तांब्या-पितळेचे भांडेही नको. तांब्याने 'क' जीवनसत्त्व लवकर नासते. स्टील, काच किंवा चिनी मातीचेच भांडे घ्यावे.

दुसऱ्या खेपेला बाटली धुतली, पण कोरडी केली नाही. आठवड्याने झाकण उघडले तर आतून फस्सकन फेस आला. सगळा रस मोरीत ओतावा लागला.

कृती

एक किलो टपोरे, डाग नसलेले, पिवळसर हिरवे आवळे घ्यावेत. किलोत साधारण पंचवीस-तीस बसतात. खाली पडून फुटलेले घेऊ नयेत. दोन पाण्यांनी धुऊन कोरडे पुसावेत. स्टीलच्या किसणीवर किसावेत, किंवा बी काढून फोडी करून अर्धी वाटी पाणी घालून मिक्सरमधून काढावेत. उकळून गाळलेल्या फडक्यात नव्हे, तर उकळून वाळवलेल्या स्वच्छ मलमलच्या फडक्यात कीस बांधून घट्ट पिळावा. साधारण अर्धा लिटर रस निघतो. हा रस उकळू नये. उष्णतेने त्यातला गुण कमी होतो.

साधा रस काचेच्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये तीन-चार दिवस ठेवता येतो. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून खडे केले तर महिना-दोन महिने जातात. रोज एक खडा पाण्यात टाकला की काम झाले.

टिकाऊ सरबत करायचे असेल तर अर्ध्या लिटर रसाला पाऊण किलो साखर आणि पाव लिटर पाणी घ्यावे. साखर-पाण्याला एक उकळी आणून पाक गाळावा आणि पूर्ण गार होऊ द्यावा. मगच त्यात रस, दोन चमचे आल्याचा रस आणि चवीपुरते मीठ मिसळावे. बाटल्या गार पाण्यात ठेवून ते पाणी उकळत आणावे, वीस मिनिटे उकळू द्यावे आणि बाटल्या पालथ्या घालून पूर्ण वाळवाव्यात. वर बोटभर जागा सोडून सरबत भरावे. फ्रीजमध्ये ते महिनाभर चांगले राहते.

टिकण्यासाठी दुकानातली पूड आणून अंदाजाने चिमूटभर टाकण्याचा मोह होतो. तसे करू नये. तिचे प्रमाण वजनानेच ठरते आणि दम्याच्या माणसाला सल्फाईटची पूड त्रास देते. गटाने मिळून विक्रीसाठी सरबत करायचे असेल, तर परभणीच्या कृषी विद्यापीठात जाऊन रीतसर शिकून घ्यावे. १९७२ सालापासून हे विद्यापीठ आपल्या दाराशी आहे आणि अन्नतंत्राचे महाविद्यालय त्याच्याच आवारात आहे. तिथे जाऊन विचारायला संकोच कसला?

ज्यांच्याकडे फ्रीज नाही त्यांनी एका वेळी पाव किलोच आवळे आणावेत आणि ताजा रस काढून त्याच दिवशी संपवावा. उरलेला चोथा टाकू नये. मीठ, ओवा लावून वाळवला की मुखवास होतो. हिरवी मिरची, कोथिंबीर घालून वाटला की भाकरीबरोबर चटणी होते.

कोणी, केव्हा, किती

एका पेल्याला चहाचे तीन चमचे साधा रस, चिमूटभर काळे मीठ, वर पाणी. अर्ध्या लिटरचे असे तीसेक पेले होतात. म्हणजे एक किलो आवळ्यात एका माणसाचा महिना निघतो. पेला जेवणाबरोबर घ्यावा. मधुमेह असलेल्यांनी साखरेचे सरबत टाळून साधा रस घ्यावा. मूतखड्याचा किंवा आम्लपित्ताचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. आणि रक्त कमी असेल तर रस हा गोळीच्या जोडीला आहे, गोळीच्या जागी नाही.

आमच्या घरी चार महिन्यांनी पुन्हा तपासणी केली. पत्नीचे हिमोग्लोबिन ११.१ आले. हे गोळ्यांनी झाले, आवळ्याने झाले, चहा लांबवल्याने झाले की ती आता आमच्याबरोबर पानावर बसते म्हणून झाले, याची वेगवेगळी खाती मला मांडता येत नाहीत. मला वाटते, चारही रकमा एकाच बेरजेत आहेत. आवळे किसण्याचे काम मात्र तेव्हापासून माझ्याकडे आहे. हे वाचणाऱ्या बंधूंनीही किसणी आपल्या हातात घ्यावी. सर्वात शेवटी जेवणाऱ्या बाईवर आणखी एक काम टाकून तिचे रक्त वाढणार नाही.

वर्षावासात आमच्या विहारात सम्राट अशोकाची एक कथा वाचली गेली. 'अशोकावदान' या ग्रंथात ती आहे. अखेरच्या दिवसांत दान देण्याचे त्याचे सारे अधिकार काढून घेतले गेले. हातात उरला तो अर्धा आवळा. तोच त्याने कुक्कुटाराम विहारात भिक्खुसंघाला पाठवला. स्थविरांनी तो कुटून सूपात मिसळायला लावला आणि साऱ्या संघाला वाटला. अर्धा आवळा, पण कोणी वगळले गेले नाही.

आपल्या घरात तर किलोभर आवळे आहेत. रस काढा आणि पहिला पेला कोणाच्या हातात जातो ते एकदा बघा.