प्रौढांचे खेळणे आणि शकुंतलेचे इंजिन

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, वऱ्हाड-नागपुराकडील गावोगावी जो तान्हा पोळा भरतो, त्यात लाकडी बैलाची दोरी धरून उभे असलेले पोर पाच-सहा वर्षांचे असले, तरी बैलाची शिंगे किती वळवावीत, वशिंडाला कोणता रंग द्यावा, चाके सागाची असावीत की आडजात लाकडाची, आणि पहिले बक्षीस यंदा आपल्या आळीत कसे येईल, याचा खल सुताराच्या दुकानी बसून ज्यांनी आधीच केलेला असतो, ते इसम बहुधा चाळिशी ओलांडलेले असतात. पोर घरोघर हिंडून बोजारा, म्हणजे बक्षिसी, मिळविते. वडिलांच्या पदरात पडते ते केवळ समाधान. नागपूरकर दुसऱ्या रघूजीराजे भोसल्यांनी 1806 साली हा उत्सव सुरू केला असे परंपरा मानते, आणि ती खरी असेल, तर या प्रांतातील खेळण्याला राजाश्रय लाभला तो एका प्रौढाच्याच हौसेने.

यवतमाळच्या नवरात्राची गोष्ट याहून फार निराळी नाही. दुर्गोत्सवात कलकत्त्याच्या खालोखाल आपलाच क्रमांक, असे येथला मनुष्य परगावच्या पाहुण्यास बजावून सांगतो, आणि त्या अभिमानाची बैठक मूर्तीइतकीच तिच्याभोवती बांबू, कापड व प्लायवूड यांतून उभ्या राहणाऱ्या देवळांच्या आणि राजवाड्यांच्या प्रतिकृतींत असते. दूरदेशीचे एखादे शिखर चौकातल्या तोकड्या जागेत बसविताना प्रमाण कसे राखावे, यावर दिवसा कचेरीत दप्तर सांभाळणारी माणसे रात्री उशिरापर्यंत हुज्जत घालतात. पश्चिम महाराष्ट्रात दिवाळीला अंगणात मातीचा किल्ला होतो. तेथेही बुरुजाची जागा मुलाने ठरवावी आणि बापाने ती बदलावी, हा प्रघातच आहे. तेव्हा आपल्याकडील प्रौढ मनुष्य खेळत नाही, हे म्हणणे खोटे. तो खेळतो, मात्र मुखत्यारपत्र घेऊन खेळतो, कधी पोराच्या नावाचे, कधी देवीच्या नावाचे. एकमेकांत अडकणाऱ्या प्लॅस्टिकच्या तुकड्यांचे सेट जमवावेत, आणि स्वतःच्या टेबलावर, स्वतःच्या नावाने, त्यांतून काही बांधावे, हा जो छंद गेल्या पाव शतकात जगभरच्या मोठ्या माणसांत फैलावला, त्याविषयी आपल्याकडे जो संकोच दिसतो, त्याचे कारण त्याची परदेशी जात किंवा त्याची किंमत एवढेच नसून, त्यात कोणाचे मुखत्यारपत्र पुढे करता येत नाही, हे आहे.

या तुकड्याची वंशावळ पाहिली, तर तीत जागोजागी प्रौढांचेच हात दिसतात. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेलने 1837 च्या सुमारास बालकांच्या शिक्षणासाठी लाकडी ठोकळ्यांचे संच सिद्ध केले. पुढे ऑटो लिलिएन्थाल या विमानविद्येच्या आद्य उपासकाने आपला बंधू गुस्ताव याच्या साहाय्याने वाळू, खडू आणि जवसाचे तेल यांच्या मिश्रणातून दगडासारख्या विटा घडविल्या आणि ती कृती दुसऱ्यास विकून टाकली. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने 1901 साली भोके पाडलेल्या धातूच्या पट्ट्यांचे पेटंट घेतले, तेच मेकॅनो. इंग्लंडात हिलरी फिशर पेज याने किडिक्राफ्ट या नावाखाली एकमेकींत गुंतणाऱ्या प्लॅस्टिकच्या विटा काढल्या, आणि त्यांचा नमुना डेन्मार्कमधील बिलुंड या खेड्यातल्या ओले कर्क क्रिस्तियान्सेन या सुताराच्या हाती पडल्यावर 1949 साली त्याच्या लेगो कारखान्यातून त्याच धर्तीच्या विटा बाहेर पडल्या. पेज 1957 साली निवर्तला. आपल्या कल्पनेचे पुढे काय झाले, हे त्याला कधी कळले नाही असे म्हणतात. खेळण्यांच्या इतिहासात असे निर्दय प्रसंग पुष्कळ आहेत, आणि कारखान्यांच्या गौरवग्रंथांत ते एका ओळीत आटोपले जातात.

तथापि डेन्मार्कच्या विटेला जे यश आले, ते केवळ उचललेल्या कल्पनेचे नव्हे. पहिल्या विटा आतून पोकळ असल्यामुळे त्यांची पकड ढिली होती. ओले कर्कचा मुलगा गॉटफ्रेड याने 28 जानेवारी 1958 रोजी जे पेटंट दाखल केले, त्यात विटेच्या पोकळीत नळ्या घातलेल्या होत्या, त्यामुळे खालच्या विटेवरचे गोल उंचवटे, ज्यांना या छंदातले लोक स्टड म्हणतात, वरच्या विटेच्या भिंती आणि नळ्या यांच्यामध्ये घट्ट धरले जाऊ लागले. 1963 पासून एबीएस हे टणक प्लॅस्टिक आले, आणि आजची वीट त्या काळच्या विटेवर बिनतक्रार बसते. आठ स्टडांच्या एकाच रंगाच्या सहा विटा किती तऱ्हांनी जोडता येतील, याचे उत्तर कंपनी पूर्वी 10 कोटींच्या घरात देत असे. ती संख्या वस्तुतः सहा मजली उभ्या चळतींचीच होती. कोपनहेगन विद्यापीठातील गणिती सोरेन आयलर्स यांनी सर्व रचना हिशेबात धरल्या, तेव्हा आकडा निघाला 91,51,03,765.

आपल्याकडे ज्यांचे बालपण 1980 नंतरच्या काळात गेले, त्यांच्या स्मरणात लेगोपेक्षा मुंबईच्या ‘मेकॅनिक्स’च्या पट्ट्या आणि चिमुकले स्क्रू अधिक असतील. परदेशी खेळण्यांवरील जकात 2020 साली वीसवरून साठ टक्क्यांवर आणि 2023 साली सत्तर टक्क्यांवर गेली, हे ध्यानात घेता विदेशी सेट मध्यमवर्गीय घरात तुरळकच येणार, हे उघड आहे. परंतु आपल्याकडे या विषयाची जी खरी मोलाची घटना घडली, तिचा पैशाशी संबंधच नव्हता. कानपूरच्या आयआयटीतून 1975 साली पदवी घेऊन पुण्याच्या टेल्कोत नोकरीस लागलेले अरविंद गुप्ता 1978 साली मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान-शिक्षण उपक्रमात गेले, आणि तेथे त्यांनी सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगपेटीच्या काड्या एवढ्याच भांडवलावर आपला माचिस-मेकॅनो उभा केला. नळीचे बोटभराहून लहान तुकडे कापावेत, काडीचा गूल खरवडून टाकावा, दोन टोकांतून दोन काड्या सारल्या की सांधा झाला; तिसरी काडी जोडायची, तर बाभळीच्या काट्याने नळीला मधोमध भोक पाडावे. तीन काड्यांचा त्रिकोण बोटाने दाबला तरी हलत नाही, चार काड्यांचा चौकोन मात्र लगेच कलंडून तिरका होतो आणि कर्ण घातल्याशिवाय सावरत नाही. पुलाच्या कैच्या त्रिकोणी का असतात, हे सांगणारे प्रकरण पाठ्यपुस्तकात कितीही सुबक असले, तरी बोटांना झालेल्या या बोधाची सर त्याला नाही. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान-संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, जिची वास्तू पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानाच्या देणगीतून उभी राहिली, गुप्तांनी अनेक वर्षे हेच काम केले. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. प्रौढ मनुष्याने उघडपणे, स्वतःच्या नावाने खेळणी करीत आयुष्य घालविल्याचे याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही. आणि तरीही, ती खेळणी मुलांच्या शिक्षणासाठी आहेत, हे आपण तत्काळ पुस्ती म्हणून जोडतोच.

प्रौढांना गिऱ्हाईक म्हणून ओळखण्यास लेगो कंपनीनेही उशीरच केला. 2008 साली तिने 5,922 तुकड्यांचा ताजमहाल काढला, तो मुलांसाठी नव्हता हे सांगायला नको. 2020 पासून तर खोक्यांवर ‘अठरा वर्षांवरील’ असा शिक्काच आला. पण प्रौढ आले, तसा त्यांच्यामागून बाजारही आला. 1987 ते 2015 मधील 2,322 सेटांच्या किमती तपासून रशियातील अर्थशास्त्रज्ञांनी वर्षाला सरासरी अकरा टक्के वाढ दाखविली, आणि सील न फोडता खोकी कपाटात रचून ठेवणारा एक वर्ग निर्माण झाला. ताजमहाल 2017 साली पुन्हा विक्रीस आला, तेव्हा या साठेबाजांच्या नफ्याला गळती लागली, याचे मला तरी वाईट वाटत नाही. न उघडलेली पेटी ही ठेव असेल, छंद नव्हे.

या छंदाची खरी परीक्षा आपल्या घरची वस्तू बांधू जाताना होते. यवतमाळकरापुढे तशी वस्तू एकच: शकुंतला ही अरुंद रुळांची आगगाडी. किलिक-निक्सन कंपनीच्या कारभाराखाली आलेला तिचा यवतमाळ-मूर्तिजापूरचा सुमारे 113 किलोमीटरचा मार्ग. मँचेस्टरमध्ये 1921 साली घडलेले झेड-डी इंजिन त्यावर सत्तर वर्षे धावले आणि 15 एप्रिल 1994 रोजी त्याची जागा डिझेलने घेतली. रुळांतील अंतर 762 मिलिमीटर. लेगोच्या आगगाडीच्या रुळांत अंतर असते साडेसदतीस मिलिमीटर, म्हणजे त्या रुळांवर शकुंतला बांधायची, तर प्रमाण विसास एक पडते आणि गार्ड आठ सेंटिमीटर उंच करावा लागतो. लेगोचा बाहुला तर जेमतेम चार सेंटिमीटरांचा. बाहुल्याला प्रमाण मानले, तर प्रमाण एक्केचाळिसास एक होते, आणि रुळांत अंतर हवे साडेअठरा मिलिमीटरच्या आसपास. स्टडांतील अंतर आठ मिलिमीटर, दोन स्टडांचे सोळा, तीनांचे चोवीस, दोन्ही चुकीचे. येथे नवशिका हात टेकतो. परंतु जुना जाणता मनुष्य विटेऐवजी चपटी पट्टी घेतो, जिची जाडी 3.2 मिलिमीटर, विटेच्या बरोबर एक तृतीयांश. अशा पाच पट्ट्यांची जाडी दोन स्टडांइतकी, म्हणजे सोळा, भरते, आणि या एका योगामुळेच पट्ट्या आडव्या वळवून उभ्या बांधकामात बिनफट बसविता येतात. पाचाऐवजी सहा पट्ट्या आडव्या लावा: 19.2 मिलिमीटर. चूक अर्ध्या मिलिमीटरहून किंचित अधिक, म्हणजे मूळ रुळावर सुमारे अडीच सेंटिमीटर. रुळाचे माप असे सुटले, की मग बॉयलरची गोलाई आणि धुराड्याची उंची. एकेका अडचणीपायी रात्री जातात, आणि या रात्री कोणाच्या नावे मांडाव्यात, हा प्रश्न त्या वेळी मनात येत नाही.

लेगोची अशी एक योजना आहे की कोणाही खासगी माणसाने सादर केलेल्या नमुन्यास ठरावीक मुदतीत 10,000 पाठिराखे मिळाले, तर कंपनी त्याचा विचार करते, आणि तो स्वीकारला गेल्यास निव्वळ विक्रीचा शेकडा एक कर्त्यास देते. शकुंतलेला इतके पाठिराखे मिळतील की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण तिचा नमुना करावयाचा, तर आधी मापे हवीत, आणि मापे मिळणे दिवसेंदिवस कठीण होत आहे. सबब यवतमाळ, दारव्हा, कारंजा, मूर्तिजापूर या बाजूच्या ज्या कुटुंबांत कोणी या मार्गावर नोकरीस होते, त्यांच्या पेटाऱ्यात इंजिनाचे छायाचित्र, डब्याचा नकाशा, स्थानकाच्या इमारतीचा आराखडा असे काही असेल, तर त्यांनी ते रद्दीत घालू नये. त्याची एक नक्कल काढून, कागद कोणाकडून आला व कोणत्या सालचा आहे एवढा तपशील मागे लिहून, जवळच्या सार्वजनिक वाचनालयात जमा करावी.