उत्तरभागाची आकांक्षा

काशीतील रामघाट मराठी माणसाला परका नाही. त्याच्या दक्षिणेस नागपूरकर भोसल्यांचा घाट आहे, उत्तरेस पंचगंगा. आणि त्यापुढील दुर्गाघाट-ब्रह्माघाटाच्या गल्ल्यांतून मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. रामघाटावरच्या श्रीवल्लभराम शालिग्राम सांगवेद विद्यालयात वेदशास्त्रांचे अध्ययन होते. तेथील पठणाचा मोठा गुण म्हणजे मूळ पाठातील एक स्वरही न बदलणे. ह्याच शहरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अगदी निराळ्या प्रकारचे वाङ्मय जन्मास आले. त्याच्या वाचकाला हवे असे ते अद्याप न लिहिलेले. म्हणजे पुढचा भाग. आज नेमबाजीच्या संगणक-खेळांचे चाहते ज्या उत्सुकतेने पुढील खंडाची वाट पाहतात, तिचे एक जुने भारतीय रूप येथे पाहावयास मिळते. ह्या चाहत्यांना नेमके काय हवे असते, हा प्रश्न म्हणूनच काशीपासून विचारणे सोयीचे आहे.

देवकीनंदन खत्री (१८६१-१९१३) ह्यांनी चकिया आणि नौगढ येथील जंगलांचे ठेके घेतले होते. तेथील पडके किल्ले, भुयारे व दऱ्या ह्यांच्या परिचयातून ‘चंद्रकांता’ ही हिंदी कादंबरी आकारास आली. विजयगढची राजकन्या चंद्रकांता, नौगढचा राजपुत्र वीरेंद्रसिंह, त्यांचे ऐयार म्हणजे वेषांतरात व हेरगिरीत निपुण असे सेवक, आणि गुप्त दारे, यंत्रे व सापळे ह्यांनी भरलेले तिलिस्म, अशी तिची सामग्री आहे. चार भागांत ही कथा विवाहापर्यंत पोचते. परंतु वाचक थांबला नाही. मग नायक-नायिकेच्या मुलांची कथा सांगणारी ‘चंद्रकांता संतति’ चोवीस भागांत निघाली आणि तिच्यामागून ‘भूतनाथ’. ह्या कादंबऱ्या वाचण्यासाठी कित्येकांनी हिंदी शिकून घेतली, हे रामचंद्र शुक्लांनी आपल्या हिंदी साहित्येतिहासात नमूद केले आहे. त्यांना साहित्याच्या कोटीत बसवण्यास मात्र ते तयार नव्हते. लिपी समान असल्यामुळे मराठी शेजाऱ्याला तर ह्या पुस्तकांच्या दारात तेवढीही अडचण नव्हती.

पुढच्या भागाची ही ओढ समजून घेण्यास काशीच्या पाठशाळांत परिचित असलेली एक शास्त्रीय कल्पना उपयोगी पडते. शब्दांचा समूह वाक्य केव्हा होतो, ह्याचे विवेचन करताना नैयायिक तीन अटी सांगतात : आकांक्षा, योग्यता आणि संनिधी. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त त्यांची सुबोध उदाहरणे आहेत. गाय, घोडा, पुरुष, हत्ती अशी नुसती नामे उच्चारली तर वाक्य होत नाही. कारण एका पदाला दुसऱ्याची अपेक्षाच नाही. विस्तवाने शिंपावे असे म्हटले, तर अपेक्षा आहे, पण अर्थाचा मेळ नाही. आणि ‘गाय’ हा शब्द आता व ‘आण’ हा शब्द प्रहराने उच्चारला, तर सांनिध्य नसल्यामुळे बोध होत नाही. दोन पदांना लागू असलेल्या ह्या अटी पूर्वभाग व उत्तरभाग ह्यांनाही लावून पाहता येतात.

प्रथम आकांक्षा. प्रत्येक लोकप्रिय मालिकेत ती सारखी नसते. बाबूराव अर्नाळकरांनी मराठीत हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार किंवा काळापहाड ह्यांच्या कथेत त्या त्या पुस्तकाचे कोडे साधारणपणे त्यातच सुटते. त्यामुळे वाचक पुढचे पुस्तक मागतो ते आवडत्या नायकाच्या पुन्हा भेटीसाठी. मागचे काही उरले म्हणून नव्हे. ही माळ आहे. मणी कितीही ओवावेत. खत्रींची रचना साखळीची आहे. ‘संतति’मधील भूतनाथ हा असामान्य ऐयार आपल्या पूर्वायुष्यातील दुष्कृत्यांच्या भीतीने पछाडलेला आहे. तो मुळात अपराधी की परिस्थितीचा बळी, हे कुतूहल राजपुत्रांच्या पराक्रमालाही मागे सारते. म्हणूनच त्यानंतरचा ग्रंथ त्याची ‘जीवनी’ म्हणून अवतरला, आणि कथा पुढे जाण्याऐवजी मागे गेली. चाहत्याला अधिक मोठे तिलिस्म नको होते. शिल्लक राहिलेल्या प्रश्नाचे उत्तर हवे होते.

दुसरी अट योग्यतेची. खत्रींच्या जगाला नियम आहेत. ऐयाराने ऐयाराला पकडावे, कैदेत टाकावे, पण ठार मारू नये, असा तेथील संकेत आहे. तिलिस्मातील चमत्कार दैवी नसतात. त्यांमागे कळ, यंत्र किंवा औषधी असते, आणि लेखक पुढे ते उलगडून दाखवतो. उत्तरभागाने नवी दारे खुशाल उघडावीत. पण ती मंत्राने उघडली, तर पूर्वभागात बुद्धीने उघडलेल्या दारांची किंमत नाहीशी होते. शेरलॉक होम्सच्या वाचकांनाही हाच न्याय हवा होता. १८९३ मध्ये कॉनन डॉइल ह्यांनी होम्सला धबधब्याच्या दरीत लोटले. १९०३ मध्ये त्याला परत आणताना तो वाचला कसा, ह्याचा खुलासा त्यांना द्यावाच लागला. नियम तेच आणि निकाल नवा, ही चाहत्याची मागणी म्हणूनच परस्परविरोधी नाही. नियम स्थिर असल्यावाचून निकालात नावीन्य जाणवणारच नाही.

तिसरी अट संनिधीची, आणि तिच्यावर लेखकाची सत्ता सर्वांत कमी. १९१३ मध्ये खत्री निवर्तले तेव्हा ‘भूतनाथ’चे सहा भागच झाले होते. पुत्र दुर्गाप्रसाद त्या वेळी जेमतेम अठरा वर्षांचे होते. पुढील पंधरा भाग लिहून त्यांनी ते काम तडीस नेले. त्यांची स्वतःची रुची वेगळी होती. ‘रक्तमंडल’, ‘सफेद शैतान’ ह्यांसारख्या त्यांच्या कादंबऱ्यांत गुप्त क्रांतिकारी संघटना आणि वैज्ञानिक अस्त्रे येतात. परंतु ‘भूतनाथ’मध्ये त्यांनी वडिलांच्या जगाचे नियम सांभाळले. वाक्य एकाने आरंभिले आणि दुसऱ्याने पुरे केले. तरी ते वाक्य राहिले.

संगणक-खेळांच्या क्षेत्रात ह्याची उलट बाजू दिसते. ‘हाफ-लाइफ’ हा व्हॉल्व्ह ह्या अमेरिकन कंपनीचा खेळ १९९८ मध्ये आला, दुसरा २००४ मध्ये. त्याला जोडून तीन उपखंड जाहीर झाले. पहिला २००६ मध्ये, दुसरा २००७ मध्ये निघाला. दुसऱ्याच्या शेवटी नायकाची सहकारी ॲलिक्स हिच्या डोळ्यांदेखत तिच्या वडिलांचा वध होतो, आणि खेळ तेथेच थांबतो. जाहीर झालेला तिसरा उपखंड आलाच नाही. २०१७ मध्ये मूळ कथालेखक मार्क लेडलॉ ह्यांनी पात्रांची नावे बदलून संभाव्य कथानकाचा सारांश प्रसिद्ध केला. त्याने जिज्ञासा काहीशी शमली, आकांक्षा शमली नाही. कादंबरीत तिलिस्म नायक तोडतो आणि वाचक ते ऐकतो; खेळात ते खेळणाऱ्याने स्वतः तोडायचे असते. सारांश वाचणे म्हणजे यात्रेचे वर्णन ऐकणे. तेवढ्याने यात्रा घडत नाही. २०२० मध्ये ‘हाफ-लाइफ : ॲलिक्स’ आला तोही पूर्वकाळात घडणारा. मात्र त्याच्या शेवटाने तेरा वर्षांपूर्वीच्या त्या वधाच्या प्रसंगालाच हात घातला. अडलेली गाठ कोठे आहे, हे निर्मातेही विसरले नव्हते.

पुढच्या भागात अधिक शस्त्रे, अधिक शत्रू, अधिक विस्तृत प्रदेश हवेत असे चाहते म्हणतात, तेव्हा ते शब्दशः घेऊन चालत नाही. ‘अधिक’ची मागणी माळेला शोभते, साखळीला ‘पुरे’ची मागणी असते. ह्या दोहोंतील भेद ओळखला नाही, तर निर्माता मणी ओवीत राहतो आणि चाहता असमाधानी राहतो. लोकप्रिय वाङ्मयाला केवळ करमणूक म्हणून बाजूस सारणाऱ्या समीक्षेचेही येथे काही निसटते. वाचकाने आपले दिवस, आपली भीती आणि आपला विश्वास पूर्वभागाला उधार दिलेला असतो. उत्तरभागाकडे तो पाहतो ते त्या उधारीच्या फेडीसाठी.

रामघाटाच्या परिसरात ऋण ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. पित्याचे अपुरे राहिलेले पुत्राने पूर्ण करावे, हे तेथे कर्तव्य मानले जाते. दुर्गाप्रसाद खत्रींनी ते पंधरा भागांत केले. त्यात जे ऋण फिटले ते पित्याचे होते, तसेच वाचकाचेही.