किलोने घेतलेल्या लेगोचा हिशोब: तासाला ८३ रुपये

सोलापूरच्या एका ताईंचा मेसेज आला होता. "मॅडम, एफडीचे दोन लाख सुटतायत. लेगोचे सीलबंद सेट घेऊन ठेवू का? कंपनीने सेट बंद केला की दोन-तीन वर्षांत भाव दुप्पट होतो म्हणे." मी उत्तर लिहायला बसले आणि ते इतकं लांबलं की म्हटलं, सगळ्यांसाठीच लिहू. व्हिडिओत मी लेगोच्या दुकानाबद्दल बोलते तेव्हा मागे रंगीत ड्रॉवर छान दिसतात. त्या ड्रॉवरमागचे आकडे मात्र मी आजपर्यंत नीट सांगितलेले नाहीत. आज सांगते.

माझं दुकान म्हणजे कोथरूडच्या आमच्या टू-बीएचकेमधली एक भिंत आणि अर्धी बाल्कनी. वापरलेले लेगो किलोवर घ्यायचे, धुवायचे, निवडायचे आणि सुटे पीस, माणसं, पूर्ण सेट असं वेगवेगळं करून ऑनलाइन विकायचे. एवढाच धंदा. पुण्यात हा माल मिळतो, कारण अमेरिका-युरोपात आठ-दहा वर्षं राहून परत आलेली कुटुंबं औंध, बाणेर, बावधनला भरपूर आहेत. मुलं मोठी झाली की माळ्यावरचा खोका सोसायटीच्या ग्रुपवर येतो. आणि गिऱ्हाईक आहे, कारण नवीन सेट आपल्याकडे महाग पडतो. खेळण्यांवरची आयात ड्युटी २०२० च्या बजेटमध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७०. ज्या मुलाच्या सेटमधली दोन चाकं आणि एक दरवाजा हरवलाय, त्याच्या बापाला तेवढ्यासाठी नवीन सेट परवडत नाही. तो माझ्याकडे येतो.

लेगोची एक गोष्ट धंद्याच्या दृष्टीने फार सोयीची आहे. ज्या ठोकळ्याचं पेटंट २८ जानेवारी १९५८ ला दाखल झालं, तो ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. म्हणजे माल शिळा होत नाही. मोबाइलचं कव्हर विकणाऱ्याला विचारा, मॉडेल बदललं की काय होतं ते. पण माल शिळा होत नाही म्हणून तो विकलाच जातो, असं मात्र नाही. माझी पहिली चूक तीच.

आता तो हिशोब. औंधच्या एका घरातून मी ९ किलो ४०० ग्रॅमचा लॉट १४,००० रुपयांना घेतला. पाच महिन्यांत त्यातून ३१ मिनीफिगर, म्हणजे ती छोटी माणसं, ९,३०० रुपयांना गेली. तीन सेट पूर्ण जुळले, ते ७,२०० ला. सुटे पीस ६,८५० चे. एकूण २३,३५०. मी खूश! नवऱ्याला म्हटलं, नऊ हजार सुटले.

कुठले सुटले? खोकी, झिपच्या पिशव्या, टेप मिळून १,१५०. 'फ्री डिलिव्हरी' लिहिलं होतं ना, ते कुरिअर १,९००. पेमेंट गेटवे वगैरेचे ४८०. हातात राहिले ५,८२०. तेही ठीक होतं. पण तेव्हा मी वहीत तास लिहायला लागले होते. निवडणं २६ तास, धुणं-वाळवणं ५, फोटो आणि लिस्टिंग १७, पाच महिन्यांतल्या सगळ्या ऑर्डरी शोधून पॅक करणं २२. सत्तर तास. भागाकार करा, तासाला ८३ रुपये. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींचा हिशोब यापेक्षा चांगला बसतो, आणि त्यांना स्टॉक सांभाळावा लागत नाही. शिवाय त्या लॉटमधले चार किलो पीस अजून ड्रॉवरमध्येच आहेत. बीबीएला इन्व्हेंटरी टर्नओव्हरवर मी पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते, हे इथे सांगायला जरा लाज वाटते.

मग दुकान बंद का नाही केलं? कारण ते तास कुठे जातात हे वहीत दिसलं, आणि त्यातले बरेच कमी करता येण्यासारखे होते.

सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे निवडणं. सुरुवातीला मी रंगावर निवडायचे. लाल एका डब्यात, निळे दुसऱ्या. दिसायला सुंदर, फोटोला सुंदर. पण ऑर्डर आली की काळ्या डब्यात काळा बारीक पीस शोधत अर्धा तास. डोळ्याला एकाच आकाराच्या ढिगातला वेगळा रंग चटकन दिसतो. एकाच रंगाच्या ढिगातला वेगळा आकार दिसत नाही. जुने लेगोवाले हे सगळे जाणतात, मी मात्र दोन महिने घालवून शिकले. आता आधी आकार, मग गरज पडली तरच रंग. बहुतेक पिसांच्या आतल्या बाजूला बारीक नंबर असतो. दोन बाय चारचा आपला नेहमीचा ठोकळा ३००१, दोन बाय दोनचा ३००३. तोच नंबर ड्रॉवरवर चिकटवायचा. ड्रॉवर बोहरी आळीतून घ्या, ऑनलाइन घेऊ नका. हात लावून बघता येतात, आणि घासाघीस करता येते.

आणि सगळं निवडायचं नाही. आधी माणसं, त्यांची डोकी, टोप्या, हत्यारं. मग चाकं, खिडक्या-दारं, प्राणी, छापील पीस. यात लॉटचे पैसे निघतात. बाकीचे साधे ठोकळे धुऊन अर्ध्या किलोच्या मिक्स पिशवीत. बहुतेक कुरिअरचा पहिला स्लॅब ५०० ग्रॅमचा असतो, म्हणून मी पिशवी खोक्यासकट ४८० च्या आत बसवते. वीस ग्रॅमने पुढच्या स्लॅबमध्ये गेलेलं पार्सल म्हणजे त्या ऑर्डरचा नफा गेला. आमच्या सासूबाई रात्रीची मालिका बघता बघता ताटात पीस घेऊन चाकं वेगळी काढतात. तांदूळ निवडायचा हात आहे तो, माझ्यापेक्षा दुप्पट वेगाने चालतो. (त्यांचे तासही मी आता वहीत लिहिते. त्यांनी स्वतःच विचारलं होतं, "माझा पगार कुठे धरलास?")

धुण्याचं थोडक्यात: कोमट पाणी, ४० अंशांच्या वर नाही, साधा साबण, जाळीची पिशवी. मोटर-बॅटरीचे पीस पाण्यात घालायचे नाहीत. जुलैमध्ये लॉट धुवायला काढू नका. पुण्याच्या पावसात पोकळ पिसांत पाणी चार दिवस राहतं आणि बंद पिशवीला कुबट वास येतो. उन्हात तर अजिबात वाळवू नका, पांढरे पीस पिवळे पडतात. पंख्याखाली जुन्या चादरीवर पसरायचे.

किमतीसाठी मी ब्रिकलिंक बघते. २००० साली सुरू झालेला हा सुट्या लेगोचा बाजार २०१९ मध्ये लेगो कंपनीनेच विकत घेतला. तिथे प्रत्येक पिसाचा गेल्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष विकला गेलेला भाव दिसतो. लक्षात घ्या, 'विकला गेलेला'. शेजारीच 'विक्रीला ठेवलेला' भाव असतो आणि नवीन माणूस नेमका तोच बघून खयाली पुलाव शिजवतो. आणि तो डॉलर-युरोतला भाव आपलं गिऱ्हाईक देईलच असंही नाही.

एक गंमत करड्या रंगाची. २००४ च्या सुमारास लेगोने आपला करडा रंग बदलला, नवा करडा निळसर झाकेचा आहे. ट्यूबलाइटखाली मला दोन्ही सारखेच दिसायचे. एका गिऱ्हाइकाने जुन्या किल्ल्याच्या भिंतीसाठी ४० पीस मागवले, मी नवे करडे पाठवले. त्याने भिंतीचा फोटो पाठवला, ठिगळ लावल्यासारखी दिसत होती. तेव्हापासून करडं फक्त सकाळी खिडकीपाशी निवडायचं.

आता जे सांगायला मी टाळत होते ते.

औंधच्या लॉटनंतर मी ऑनलाइन एकाकडून १२ किलो घेतले, ११०० रुपये किलोने, १३,२०० रुपये. घाईत होते, दिवाळी जवळ आली होती. वरवर बघितलं, माणसं काढली, बाकीच्या पिशव्या भरल्या आणि विकायला लागले. ४१ ऑर्डरी गेल्या. मग नागपूरच्या एका शिक्षिकेचा फोटो आला. ठोकळ्याच्या वरच्या गोल बटणांवर, स्टडवर, बारीक अक्षरात कंपनीचं नाव असतं. तिच्या पिशवीतल्या कितीतरी पिसांवर काहीच नव्हतं. तिने एकच ओळ लिहिली होती, "ताई, हे ओरिजिनल म्हणून घेतले होते."

मी उरलेला माल चादरीवर ओतला आणि एकेक स्टड बघत बसले. रात्री दोनपर्यंत. जवळजवळ साडेतीन किलो नकली निघाला. नवरा म्हणाला, "हिला पैसे परत दे. बाकीच्या चाळीस जणांना कुठे कळलंय?" आणि खरं सांगते, मी त्यावर दोन दिवस विचार केला. दिवाळीच्या ऑर्डरी येत होत्या, रेटिंग चांगलं होतं, मुलीच्या फीचे पैसे याच खात्यातून जाणार होते. इथे बसून 'मी लगेच योग्य तेच केलं' असं लिहिणं सोपं आहे, पण तसं झालं नाही. तिसऱ्या दिवशी नागपूरच्या ताईंचाच पुन्हा मेसेज आला, बाकीच्यांना सांगितलं का म्हणून. त्या दिवशी मी ४१ जणांना लिहिलं. काय झालं, कसं ओळखायचं, पैसे हवेत की बदली पीस. ११ जणांकडे नकली निघाले. ३,८७० रुपये परत गेले, बदली पिसांचं कुरिअर वेगळं. तो लॉट तोट्यात गेला. दोन गिऱ्हाइकं परत कधी आली नाहीत, एकाने एक स्टार दिला तो अजून तिथेच आहे. तो साडेतीन किलो माल 'विकायचा नाही' असं लिहून माळ्यावर ठेवलाय.

आता लॉट घेताना मी तीन मुठी वेगवेगळ्या थरांतून काढते, खालच्या थरातून नक्की, आणि स्टड बघते. विकणारा घाई करायला लागला की उठते. आणि प्रत्येक पिशवीवर लिहिते की वापरलेला माल आहे, ओरखडे असू शकतात. जुने तपकिरी पीस ठिसूळ असतात, दाबले की कडकन तुटतात. ते मी सुटे विकतच नाही.

कागदपत्रांचं दोन ओळीत. महाराष्ट्राबाहेर पहिलं पार्सल पाठवायच्या आधी जीएसटी नोंदणी लागते, उलाढाल कितीही छोटी असो. वापरलेल्या मालाला नियम ३२(५) ची मार्जिन स्कीम आहे. खरेदीवर क्रेडिट घेतलं नसेल तर कर पूर्ण विक्रीवर नाही, खरेदी-विक्रीतल्या फरकावर. त्यासाठी खरेदीची नोंद हवी, म्हणून घरगुती विकणाऱ्याकडूनही सही करून साधी पावती घ्या. बाकी तुमच्या सीएला विचारा. आणि दुकानाच्या नावात 'लेगो' घालू नका. ओरिजिनल माल पुन्हा विकणं वेगळं, दुसऱ्याचा ट्रेडमार्क आपल्या पाटीवर लावणं वेगळं. मी पाचशे स्टिकर छापून घेतल्यावर शहाणी झाले. त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर अजून किराण्याच्या याद्या लिहितेय.

तर सोलापूरच्या ताई, तुमचे दोन लाख. सीलबंद सेटची जी गणितं तुम्ही ऐकलीत ती बहुतेक परदेशातल्या लोकांची आहेत. आपल्याकडे पाकिटावर एमआरपी छापलेली असते, आणि २०११ च्या वैध मापन नियमांनुसार दुकानदाराला पाकीटबंद वस्तू एमआरपीच्या वर विकता येत नाही. सेट बंद झाला म्हणून तुम्ही दुकान मांडून दुप्पट भाव लावलात, तर नफा बाजूलाच, नोटीस यायची. शिवाय दोन-तीन वर्षं खोके न दबता, ओल न लागता ठेवायचे कुठे, आणि कोणता सेट चालेल हे आत्ता कोण सांगणार? एफडी मोडू नका. करायचंच असेल तर पंधराशे-दोन हजारांचा एक किलो घ्या, ओळखीच्या घरातून. घड्याळ लावून निवडा. सगळं विकून होईपर्यंत दुसरा किलो घ्यायचा नाही.

हे मी त्यांना गेल्या मंगळवारी कळवलं. काल फोटो आला. स्टीलच्या परातीत किलोभर ठोकळे, शेजारी मुलाची शाळेची वही उघडी, त्यात तारीख आणि 'सुरू ४.१०'. खाली विचारलंय, "मॅडम, दोन पिसांवर अक्षरं दिसत नाहीयेत. चष्म्याचा दोष का?"

मी लिहिलं, भिंग घ्या आणि विकणाऱ्याला आत्ताच फोन लावा.