"आमच्याकडे काही चालत नाही" आणि "आमच्याकडे एमआयडीसी येतेय": दोन्हींपासून जपा!



ट्रेनिंगला येणारे बरेच जण मला सांगतात, "सर, आमच्या भागात काही चालत नाही." आणि काही जण बरोबर उलटं विचारतात, "सर, आमच्याकडे एमआयडीसी येतेय, आत्ताच गाळा घेऊन ठेवू का?" आज या दोन्ही वाक्यांबद्दल बोलू. कारण भाग पुढे जातो की मागे राहतो, यात लोक त्याच्याबद्दल काय बोलतात याचाही वाटा असतो.

एक उदाहरण बघा. ऑक्टोबर २०१०. तेव्हाचं औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. तिथल्या उद्योजक आणि व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकदम १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या. सौदा साधारण ६५ कोटींचा! शौक होताच, पण हेतू वेगळा होता. मराठवाडा म्हटलं की बाहेरच्यांना फक्त दुष्काळ आठवायचा. इथे पैसा आहे, उद्योग आहे, हे देशाला दिसावं म्हणून हा खटाटोप. आणि बातमी खरंच देशभर गेली.

मग गाड्यांमुळे शहर वाढलं का? नाही. वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना होता. त्याच्या आधाराने सुटे भाग बनवणारी छोटी वर्कशॉप्स उभी राहिली. पुढे शेंद्र्याला स्कोडा आली. म्हणजे आधी पंचवीस वर्षं काम झालं, मग गाजावाजा. नंतर दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरमध्ये शेंद्रा-बिडकीनचं 'ऑरिक' आलं आणि जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने सुमारे २० हजार कोटींच्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी करार केला.

हे चक्र कसं फिरतं? मोठी कंपनी येणार म्हटलं की सप्लायर मशीन घेतो. बँक मॅनेजर कर्जाची फाईल नीट वाचतो. पुण्याला निघालेला पोरगा इथेच थांबतो. कुणी मेस काढतं, कुणी खोल्या बांधतं. सगळ्यांनी धरून चाललं म्हणून ते घडायला लागतं. "काही चालत नाही" म्हटलं, तर हेच चक्र उलटं फिरतं.

पण थांबा, यात माझे हात पोळलेत. काही वर्षांपूर्वी "इथून रिंग रोड जाणार" ऐकून मी दुसरं दुकान घेतलं. डिपॉझिट, फर्निचर, माल, सगळं भरलं. चौदा महिने भाडं भरलं आणि शटर कायमचं खाली ओढलं. रस्ता नंतर झाला बरं का! बातमी खोटी नव्हती, माझा खिसा तिथपर्यंत पुरला नाही. पहिल्या दुकानाची कमाई त्यात गेली आणि घरच्यांना वर्षभर तोंड दाखवायची लाज वाटली.

म्हणून "येतेय, येतेय" ऐकलं की तीन प्रश्न विचारा:

१. या बातमीवर कुणी स्वतःचा पैसा लावलाय, की फक्त जमिनीचे भाव वाढलेत?
२. प्रकल्प आलाच नाही, तर आजच्या गिऱ्हाइकांवर माझं दुकान चालेल का?
३. दोन वर्षं उशीर झाला, तर भाडं कुठून भरणार?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असेल, तर टोकनसुद्धा देऊ नका.

आणि "काही चालत नाही" म्हणणाऱ्यांनी आठवडाभर एक वही ठेवा. आपल्या गावातली माणसं कुठल्या वस्तूसाठी, कुठल्या कामासाठी तालुक्याला जातात ते लिहा. झेरॉक्स, मोटार रिवाइंडिंग, शाळेचे गणवेश, केक, काहीही. जो पैसा रोज एसटीत बसून बाहेर जातोय, तोच तुमचा धंदा. त्यातलं एक काम नीट चाललं, की शेजारचा म्हणेल, "अरे, त्याचं चाललं की!" भागाबद्दलचं बोलणं तिथून बदलायला लागतं.

तुमच्या वहीत काय निघालं ते कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटू पुढच्या व्हिडिओत!